मुखियाचा तांब्या

चर्चच्या आवारातलं गवत उपटायला आलेला माणूस महिन्याभरात ईशान्येकडच्या एका जंगली गावाचा मुखिया झाला, आणि या प्रकाराला सर्वस्वी मी जबाबदार आहे. पाळकसाहेब म्हणतात, सगळ्यांनी मिळून केलं. त्यांचा स्वभावच तसा. पाप दिसलं की ते मंडळीत समान वाटून टाकतात.

माणसाचं नाव काळुराम. पेणच्या खाडीकाठचा, मिठागरावर राबणारा. पावसाळ्यात मिठागरं पाण्याखाली गेली की तो रोह्याला बहिणीकडे, धोंडुबाईकडे यायचा आणि मिळेल ते काम करायचा. वय पन्नाशीचं, अंग काटक, तळपाय मिठाने फुटून टणक झालेले. तो कमी बोलायचा. समोरच्याचं बोलणं पूर्ण संपेपर्यंत ऐकून घ्यायचा, आणि ही सवय आमच्या मंडळीत कोणालाच नसल्यामुळे तो आम्हाला जरा मंद वाटायचा. मी कमळाकर साळवे, धाटावच्या एका कंपनीत स्टोअरकीपर, चर्चचा सेक्रेटरी, आणि त्या वर्षापुरता सेवापथकाचा उपप्रमुख. प्रमुखपद हैबतरावांना मिळालं, कारण त्यांचा आवाज मोठा आहे.

साल सत्त्याण्णव. जूनमध्ये पाळकसाहेब मुंबईच्या अधिवेशनाहून परतले ते एक जाडजूड फाईल काखेत मारून. नोव्हेंबरात दहा दिवसांची सेवायात्रा, थेट रेनफॉरेस्टमध्ये. उपासना संपल्यावर त्यांनी विचारलं, कोण कोण येणार? अकरा हात वर गेले. आदल्याच रविवारी कुंपणाला रंग द्यायला कोण येणार म्हणून विचारलं होतं, तेव्हा याच अकरा जणांचे खांदे दुखत होते.

माझाही हात वर होता. खोटं कशाला बोलू, मला कोणाचा उद्धार वगैरे करायचा नव्हता. लहानपणी आमच्या संडेस्कूलच्या भिंतीवर एका गोऱ्या मिशनरीचा फोटो होता. गुडघाभर चिखलात उभा, डोक्यावर हॅट, आणि भोवती पंधरा-वीस माणसं त्याच्याकडे बघतायत. मला तसा एक फोटो हवा होता. एवढंच.

फाईल मूळची अमेरिकेतल्या कुठल्या तरी मंडळीची होती, तीही अ‍ॅमेझॉनला जाणाऱ्या. मुंबईकरांनी वरचा कागद बदलला होता, आतलं सगळं तसंच ठेवलं होतं. त्यामुळे पहिले दोन रविवार आम्ही पिरान्हा माशापासून बचाव शिकलो. हा मासा कालवणाला कसा लागतो, असं हैबतरावांनी मध्येच विचारलं, तेव्हा मुंबईहून शिकवायला आलेल्या शांतीमॅडम बराच वेळ फाईल चाळत राहिल्या. सामानाची यादी चौतीस वस्तूंची. गमबुटांची सवय व्हावी म्हणून हैबतराव भर जुलैत गमबूट घालून बाजारात जाऊ लागले. बाजारात बाकी सगळी माणसं त्याच चिखलातून चपला हातात घेऊन चालली होती.

माझी बायको शकू पथकात नव्हती. तिचं मत कोणी विचारलं नव्हतं, तरी ती ते देत असे. "रोह्यात चार महिने पाऊस हाय, डास हायत, जळवा हायत. तुमी तयारी नक्की कशाची करताय?"

"आध्यात्मिक," मी म्हणालो.

"मग गमबूट कशाला?" ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

फाईलमधला चौथा धडा सरावाचा होता. आपली भाषा आणि आपली रीत ज्याला अजिबात कळत नाही, अशा माणसासमोर सराव करा, असं त्यात लिहिलेलं. आता असा माणूस रोह्यात आणायचा कुठून? बाजारातल्या राजस्थानी दुकानदाराचं मराठी हैबतरावांपेक्षा शुद्ध. शांतीमॅडम म्हणाल्या, कोणीतरी न कळण्याचं नाटक केलं तरी चालेल. आम्ही सगळे एकदमच खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर काळुराम भिजत गवत उपटत होता.

मी छत्री घेऊन गेलो. "काळुराम, दर रविवारी दुपारी दोन तास ओट्यावर बसायचं. तू जंगलातल्या एका गावाचा मुखिया आहेस आणि तुला आमचं काहीएक कळत नाही, असं दाखवायचं. जमेल?"

त्याने हातातलं गवत खाली ठेवलं. "म्हंजे सोंग घ्यायचंय."

"तसंच काहीतरी."

"सोंगाचे नेम हायत, भाऊ."

मग त्याने सांगितलं. त्याच्या गावात शिमग्याला सोंगं निघतात आणि तीस वर्षं तो सोंग घेत आलाय. सोंग चढवणाऱ्याने स्वतःच्या हाताने सोंग घेणाऱ्याच्या डोक्याला फडकं बांधायचं. ते फडकं असेपर्यंत सोंगाला त्याच्या नावाने हाक मारायची नाही. सोंगाने खोटं बोलायचं नाही, आणि सोंगाशीही कोणी खोटं बोलायचं नाही. शेवटी ज्याने चढवलं त्यानेच फडकं सोडायचं, नारळ पाण्यात सोडायचा, मग माणूस परत माणसात येतो.

मी मान हलवत होतो. शिमग्याच्या नेमांचा आमच्या सेवेशी संबंध काय, असं मनात म्हणत होतो.

"त्ये गाव कुठं हाय?" त्याने विचारलं.

"फार लांब. विमानाने जावं लागतं."

"मी बी येनार?"

तो जन्मात पनवेलच्या पुढे गेला नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर एकदम जे काही उमटलं ते बघूनच मी म्हणालो, "सोंग नीट वठवलंस तर नेऊ की तुला." गवत उपटणाऱ्या माणसाला वाट्टेल ते आश्वासन द्यावं, इतका मी तोवर सेवेत मुरलो होतो.

त्या रविवारी नाताळच्या सजावटीतलं लाल साटीनचं फडकं मी त्याच्या डोक्याला बांधलं. बांधण्यापूर्वी त्याने आम्हाला खूण सांगून ठेवली. "ओट्यावर मी बोलनार नाय. शेजारी तांब्या ठेवीन. ज्याचं पटलं त्याला पानी देईन. नाय पटलं तर तांब्यावर हात." मग तो चटईवर बसला आणि आमच्या डोळ्यांदेखत काळुराम तिथून निघून गेला. त्याच्या जागी बसलेल्या माणसाला आम्ही ओळखत नव्हतो. पाठ ताठ, नजर थंड, घाई कसलीच नाही.

पहिले हैबतराव. त्यांनी आपली दारू सुटल्याची साक्ष दिली, पंचवीस मिनिटं, हातवाऱ्यांसह. दारूची बाटली दाखवताना त्यांनी इतक्या मनापासून अभिनय केला की मुखिया जरा पुढे सरकला, बाटली फेकून दिल्यावर परत मागे टेकला, आणि तांब्यावर हात ठेवला. मग आमची मूकनाटिका झाली. तिच्यात मी सैतान होतो. मुखियाने माझ्याकडे अत्यंत सहानुभूतीने पाहिलं आणि तांब्यावर हात ठेवला. मग भेटवस्तू. साबण, कंगवा, फुगा. मुखियाने साबणाचा वास घेतला, कंगवा उलटसुलट करून पाहिला, आत जाऊन आमच्या व्हरांड्यातला झाडू उचलून आणला आणि तो हैबतरावांच्या हातात दिला. तुम्ही दिलंत, मी दिलं, झाली फिट्टंफाट. झाडू चर्चचाच होता, पण हा मुद्दा हातवाऱ्यांनी सांगणं कोणाला जमेना.

असे पाच रविवार गेले. अकरा जणांपैकी एकालाही पाण्याचा थेंब मिळाला नाही. हैबतराव म्हणू लागले की माणूस मुद्दाम करतोय. शांतीमॅडम म्हणाल्या, नाही, फाईलमध्ये लिहिलंय, कठीण भूमी अशीच असते.

सहाव्या रविवारी शकू बाजारातून परतताना पावसात सापडली आणि चर्चच्या ओट्यावर चढली. पदर पिळला, पिशवी खाली ठेवली आणि समोर बसलेल्या मुखियाला म्हणाली, "पानी द्या हो जरा, घसा सुकलाय." म्हणताना तिने नकळत ओंजळ पुढे केली. मुखियाने तांब्या उचलला आणि तिच्या ओंजळीत पाणी ओतलं. ती प्यायली, तोंड पुसलं, आणि पाऊस ओसरल्यावर निघून गेली. शांतीमॅडमनी फाईलमध्ये लिहिलं, पहिला संपर्क प्रस्थापित. बाईचं नाव लिहायची जागा फाईलमध्ये नव्हती.

पुढच्या रविवारी अकराच्या अकरा जण तहानलेले आले. ओंजळी पुढे करून रांगेत उभे. मुखियाने प्रत्येकाचा चेहरा नीट पाहिला आणि रांग संपेपर्यंत तांब्यावरचा हात उचलला नाही. नंतर फाटकाशी मी त्याला गाठून विचारलं, काळुराम, शकूला दिलंस, आम्हाला का नाही?

"वैनींना तहान लागलेली," तो म्हणाला. "तहान लागल्याचं तोंड येगळं असतं, भाऊ. मिठागरावर उभा जन्म गेला माझा. मला नाय कळनार?"

मी त्याला काळुराम म्हणून हाक मारली होती हे माझ्या तेव्हा ध्यानातही आलं नाही. बाकी रोह्याने नेम बरोबर पाळला होता. फडकं डोक्यावर तसंच ठेवून आठवडाभर तो बोलायचा-चालायचा, पण मुखिया म्हणूनच. धोंडुबाई सख्खी बहीण, तीसुद्धा "मुखिया, चहा निवतोय" म्हणून हाक मारायची. आणि त्याचं गाव तयार होत चाललं होतं. आमच्या पडवीत बसून तो शकूला सांगायचा. गावात चाळीस घरं. खालच्या आळीतल्या दोन भावांत बांधावरून भांडण. एका म्हातारीचं छप्पर गळतंय, ते तिथे गेल्यावर आधी बघायला हवं. मीठ तिथे होत नाही, लांबून आणावं लागतं, म्हणून बाया आमटीत हात आखडून टाकतात. शकू विचारायची, हे तुमाला कोणी सांगितलं? तो म्हणायचा, मुखियाला ठाव नसंल तर कोनाला असंल?

दिवाळी झाली तेव्हा त्याने मिठागरावर निरोप धाडला की बांधबंदिस्तीला यंदा पंधरा दिवस उशिरा येईन. धोंडुबाईने त्याच्यासाठी एक सदरा धुऊन, घडी घालून ठेवला. हे मला शकूने सांगितलं. "तुमी त्याला नेनार म्हनालात ना? मग तिकिटात त्याचं नाव हाय का?"

नव्हतं. मी ते कोणापुढे काढलंच नव्हतं. मग एकदाचं बैठकीत काढलं, तेही हसत हसत, विनोद म्हणून घेतला गेला तर बरं अशा बेताने. तो तसाच घेतला गेला. शांतीमॅडम म्हणाल्या, "अहो, तिथे खरा मुखिया असेल ना!" सगळे हसले. मीही हसलो. माझं हसू सगळ्यांच्या नंतर थांबलं, हे मला आठवतं.

त्याला सांगितलं मी निघायच्या दिवशी. जीप चर्चसमोर उभी, टपावर चौतीस वस्तू गुणिले अकरा. तो धुतलेला सदरा घालून, डोक्यावर तेच लाल फडकं ठेवून फाटकाशी आला होता. हातात पिशवी. मी म्हणालो, जागा नाही झाली. पुढच्या वेळी नक्की.

तो रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने पूर्ण ऐकून घेतलं, नेहमीसारखं. मग पिशवीतून कापडात बांधलेली मिठाची पुरचुंडी काढली, शेरभर असेल.

"माझ्या हातचं हाय. पैल्या काढनीचं. तिकडच्या मुखियाला द्या. म्हनावं, खाडीवरच्या मुखियानं धाडलंय. जिभंवर ठेवल्यावर त्यो काय बोलला, त्ये मला येऊन सांगा. मी नाय आलो तरी चालंल, पन ह्ये पोचू द्या."

मी पुरचुंडी घेतली. त्याने डोक्यावरच्या फडक्याला हात लावला. "आनि ह्ये?"

जीपने हॉर्न दिला. हैबतराव आतून माझ्या नावाने ओरडत होते. "आल्यावर उतरवतो," मी म्हणालो आणि चढलो.

यात्रेबद्दल आमच्या मंडळीच्या मासिकात चार पानं छापून आली आहेत, त्यांत खरं फक्त हवामान आहे. जंगल होतं, अफाट होतं. पण ज्या गावी आम्ही पोचलो तिथे सत्तर वर्षांपासून चर्च होतं, आमच्या चर्चच्या दुप्पट. मुखिया म्हणजे निवृत्त हेडमास्तर, कोट घालून स्वागताला उभे. त्यांच्या गायकवर्गाने चार सुरांत गाणं म्हटलं, त्यानंतर आम्ही आमची मूकनाटिका केली, आणि त्यांनी ती फार सभ्यपणे पाहिली. रात्री जेवताना हेडमास्तरांनी विचारलं, आमचं गाव दरवर्षी दोन मिशनरी बाहेर पाठवतं, महाराष्ट्रात गरज आहे का? हैबतरावांनी भात मागून घेतला.

आणि जळवा. गावात पोचायच्या आधी तीन तासांची वाट होती. मुंबईहून आणलेल्या औषधाने त्यांना भूक जास्तच लागत असावी. माझ्या पोटरीला सात, हैबतरावांच्या गमबुटांच्या आत किती ते त्यांनी मोजू दिलं नाही. मी पुरचुंडी सोडली. एक चिमूट, मग मूठ, मग हैबतरावांनी हात पुढे केला, मग सगळ्यांनीच. मीठ उत्तम होतं. जळवा टपाटप गळाल्या. गाव आलं तेव्हा माझ्या हातात ओलं फडकं उरलं होतं, ते मी झाडीत फेकलं. हेडमास्तरांना मी यात्रेचा टीशर्ट दिला.

फोटो मात्र मिळाला. मी गुडघाभर चिखलात, एक पाय वर धरलेला, आणि भोवती पंधरा-वीस माणसं माझ्याकडे बघतायत. ती हसतायत हे फोटोत स्वच्छ दिसतं, म्हणून तो मी भिंतीवर लावला नाही.

परत आलो तोवर काळुराम मिठागरावर गेला होता. मला बरंच वाटलं. पण शकूने विषय सोडला नाही. डिसेंबर गेला, नाताळ गेला. जानेवारीत धोंडुबाई सांगत आली की भावाने डोक्यावरचं फडकं अजून काढलेलं नाही आणि मिठागरावर सगळे त्याला मुखियाच म्हणतात, नावाने हाक मारायला कोणी धजत नाही. शकूने माझ्या पिशवीत एक नारळ टाकला. "जाऊन सोंग उतरवा त्यांचं. आनि मिठाचं काय झालं त्ये खरं सांगा. मानूस ऐकून घेईल. त्येवढंच तर त्याला येतं."

मी खरं सांगायलाच निघालो होतो. पेणपर्यंत एसटीत बसून मी मनातल्या मनात सरावही केला. जळवा फार होत्या, दादा, माफ कर. वाक्य चांगलं होतं. पेणला उतरून खाडीच्या बांधावरून तासभर चाललो. ऊन जानेवारीचं, पण दोन्हीकडून पांढऱ्या मिठावरून डोळ्यांत येणारं.

तो झोपडीच्या सावलीत बसला होता. लाल साटीनचा रंग उडून ते गुलाबी पडलं होतं. मला पाहताच तो उठला, पोतं अंथरलं, मला बसवलं, आणि आतून तांब्या आणून दोघांच्या मध्ये ठेवला. पाणी ओतायला हात पुढे करता करता त्याने विचारलं, "पोचलं?"

त्याचा चेहरा तसाच होता, मी पहिल्यांदा विमानाचं नाव काढलं तेव्हा झाला होता तसा. दोन महिने तो या एका उत्तरासाठी थांबला होता. माझं वाक्य माझ्या तोंडातच राहिलं.

"पोचलं," मी म्हणालो. "मुखियाने स्वतः घेतलं. चिमूटभर जिभेवर ठेवलं, डोळे मिटले. म्हणाला, असं मीठ आमच्या अख्ख्या डोंगरात नाही."

तो ऐकत होता. माझं संपल्यावरही थोडा वेळ ऐकत राहिला.

"त्यांच्या भाषंत बोलला?"

"हो."

"आनि तुमाला कळलं."

"हो," मी म्हणालो.

त्याने माझा चेहरा पाहिला, रविवारी ओट्यावर पाहायचा तसा, कसलीच घाई न करता. मग पुढे केलेला हात त्याने तांब्याच्या तोंडावर ठेवला.

मी पिशवीतल्या नारळाचं नाव काढलं नाही. त्यानेही फडक्याकडे हात नेला नाही. थोड्या वेळाने मी उठलो आणि आलो तसा बांधावरून निघालो. माझ्या पापाची लाज मला वाटत होतीच, पण वाटेत आठवत होतं ते भलतंच. माझा चेहरा त्याने इतका नीट पाहिला होता, आणि त्या दिवशी मला खरोखरच तहान लागली होती.